एकाच्या जागी शून्य

कपाटाची किल्ली कपाटातच राहिली आणि दार ओढले गेले, असा प्रसंग कधीच आला नाही असे घर विरळा. अशा वेळी घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, सुताराला बोलवा आणि दार फोडा. दुसऱ्या पक्षात बहुधा एखादी आजी असते. ती काही न बोलता कपाटामागे जाते, पाठीची कोणती फळी सैल आहे ते चाचपते, फळी सरकवून हात आत घालते आणि किल्ली बाहेर काढते. दार शाबूत, कपाट शाबूत, आणि आतले जरीचे लुगडेही शाबूत!

संकेतस्थळ नावाचे जे आधुनिक कपाट आज घरोघरी, शाळांशाळांतून आणि दुकानांतून आले आहे, त्याच्याही पाठीला अशी एक फळी असते. तिचे नाव डेटाबेस. पुढचे दार अडले असता ह्या मागच्या फळीने आत शिरून बिघडलेला भाग कसा बंद करतात, ते आज वाचकांना सांगण्याचा विचार आहे. विषय यंत्राचा असला तरी सांगणारी मराठीची अध्यापिका आहे. तेव्हा घाबरण्याचे कारण नाही.

मराठी शिकवणारीने ह्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मराठीचा पुष्कळसा ऐवज ह्या कपाटांत जाऊन बसला आहे. १९९६ साली 'मायबोली' सुरू झाली. त्यानंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत 'मनोगत', 'मिसळपाव', 'ऐसी अक्षरे' ही स्थळे आली. परदेशी गेलेली मुले, निवृत्त झालेले अधिकारी, घर सांभाळून रात्री लिहिणाऱ्या गृहिणी अशा हजारो माणसांनी तेथे लिहिले. ही चारही स्थळे 'ड्रुपल' नावाच्या एकाच व्यवस्थेवर उभी राहिली. ड्रिस बॉयटार्ट नावाच्या बेल्जियमच्या विद्यार्थ्याने वसतिगृहातल्या मित्रांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून आरंभिलेली ही व्यवस्था जानेवारी २००१ मध्ये जगाला खुली झाली. नावाची कथाही गमतीची आहे. त्याला आपल्या स्थळाला डच भाषेतला 'डॉर्प', म्हणजे 'खेडेगाव', हा शब्द द्यायचा होता. टंकताना अक्षरे उलटसुलट होऊन 'ड्रॉप' झाले. पुढे थेंबासाठी असलेल्या डच शब्दावरून 'ड्रुपल' हे नाव घडले. गावाचा थेंब झाला खरा, पण त्या थेंबावर पुढे मराठीची चार गावे वसली!

आणखी एक उदाहरण देते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ ह्या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तो ठेवा आज 'पारी' ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहस्थळावरून वाचकांपुढे येत आहे. ज्या बायांनी कधी पाटी हाती धरली नाही, त्यांचे शब्द आज डेटाबेसच्या रकान्यांत नांदत आहेत. तेव्हा हे रकाने कसे असतात, याची चौकशी भाषेच्या माणसाने करायला नको काय?

संकेतस्थळाचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे फायली. काम कसे करायचे याच्या सूचना त्यांत लिहिलेल्या असतात. दुसरा भाग डेटाबेस; त्यात खरा माल असतो: लेख, कविता, तारखा, लेखकांची नावे. डेटाबेस म्हणजे वेगळे काही नसून रकाने आखलेल्या वह्यांचा गठ्ठा. १९७० साली आयबीएम कंपनीतल्या एडगर कॉड ह्या गणितज्ञाने असा विचार मांडला की, कितीही मोठी माहिती ओळी आणि रकाने यांच्या साध्या तक्त्यांत बसवता येते, आणि एका तक्त्याचा दुसऱ्याशी सांधा जुळवता येतो. आपल्याकडच्या किराणा दुकानदाराला रोजकीर्द आणि खतावणी यांचा सांधा ठाऊक होताच. कॉडने त्याला गणिताचे शास्त्र दिले.

आता 'मॉड्यूल' म्हणजे काय? मूळ व्यवस्था लहान असते. तिला आपल्या गरजेप्रमाणे जोडकामे बसवतात. एक जोडकाम छायाचित्रे दाखवते, दुसरे शोध घेते, तिसरे देवनागरीत टंकायची सोय करते. ह्या प्रत्येक जोडकामाला मॉड्यूल म्हणतात. वर्डप्रेस ह्या दुसऱ्या लोकप्रिय व्यवस्थेत त्यालाच प्लगइन म्हणतात. वाचकाने पान उघडले की व्यवस्था प्रथम डेटाबेसकडे जाते आणि विचारते, "आज कामावर कोण कोण हजर?" तेथे हजेरीपट असतो. ज्याच्या नावापुढे १, तो हजर. ज्याच्या नावापुढे ०, तो रजेवर. हजर असलेल्या सगळ्यांना हाका मारून झाल्या की मग पान तयार होते.

समजा, हजर असलेल्यांपैकी एकजण कामाला लागताच मूर्च्छा येऊन पडला. व्यवस्था तेथेच थांबते. वाचकापुढे येते ती कोरी पांढरी चौकट. अक्षर नाही, रेघ नाही. एक वादक कोसळल्याने सारा वाद्यवृंद गप्प व्हावा, तसा हा प्रकार.

खरी गंमत पुढेच आहे. बिघडलेले मॉड्यूल बंद करायची सोय व्यवस्थेने दिलेली असते. चालकासाठी एक खास पान असते. त्यावर नावांपुढे चौकोन असतात. खूण काढली की काम झाले. पण हे पानसुद्धा तीच व्यवस्था तयार करते, तीच हजेरी घेऊन! म्हणजे आजारी माणसाला रजा द्यायची तर रजेचा अर्ज त्याच आजारी माणसाच्या सहीने मंजूर व्हायचा. कपाटाची किल्ली कपाटात म्हटले, ती ही.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्यांना ह्यावरून नहरींची आठवण व्हावी. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने ह्या शहराला, म्हणजे तेव्हाच्या खडकीला, डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरींनी आणून दिले. नहर जमिनीखाली असली तरी तिच्या वाटेवर ठिकठिकाणी उतरण्याची तोंडे ठेवलेली होती. हौदाला पाणी आले नाही म्हणून हौद फोडण्यात अर्थ नसतो. जाणता माणूस योग्य तोंडाशी जातो, आत उतरतो आणि अडलेला गाळ काढतो. पाणी खाली वाहतच असते.

२०२३ सालच्या पावसाळ्यातली हकीकत सांगते. माझ्या परिचयाच्या एका संस्थेच्या स्थळावर आमच्या विद्यार्थ्यांनी कन्नड, सिल्लोड, पैठण, वैजापूर ह्या तालुक्यांतून जमवलेल्या हजारभर ओव्या आणि म्हणी आहेत. विद्यार्थ्यांच्या मूळ वह्या बऱ्याचशा कसर लागून गेल्या. ओव्या सांगणाऱ्या बायांपैकी कित्येक आता हयात नाहीत. एके सकाळी ते स्थळ उघडले तो पांढरी चौकट! ज्यांनी पूर्वी ते स्थळ बांधून दिले होते, त्यांना फोन केला. पलीकडून थंडपणे उत्तर आले, "फार जुनं झालंय. सगळं नव्यानं बसवावं लागेल. जुना मजकूर मिळेल का, ते सांगता येत नाही." वर रकमेचा आकडाही ऐकवला गेला. 'मिळेल का सांगता येत नाही' हे शब्द ऐकून माझ्या पोटात गोळा आला. संस्थेच्या बैठकीत नव्याने बांधून घेण्याचा ठरावही होऊ घातला होता.

आमचा एक जुना विद्यार्थी पुण्याला ह्याच कामात असतो. बी.ए.ला मराठी घेतलेला मुलगा संगणकात गेला म्हणून पूर्वी मी थोडी हळहळले होते. तो सुट्टीवर आला होता. संस्थेची परवानगी आणि पासवर्ड घेऊन आमच्या घरीच येऊन बसला.

"मॅडम, आधी हात लावायचा नाही," तो म्हणाला. "आधी सगळ्याची नक्कल घ्यायची. नक्कल हातात आली की मग भ्यायचं कारण नाही."

सगळ्या डेटाबेसची एक प्रत त्याने आपल्या संगणकावर उतरवून घेतली आणि उघडून दाखवली. त्या आकड्यांच्या आणि चिन्हांच्या जंगलात अकस्मात एक ओवी दिसली, तिच्याखाली सांगणारीचे नाव आणि गाव. मग दुसरी, मग तिसरी. सगळ्या जागच्या जागी होत्या! बाहेर पांढरे पान आणि आत भरलेले घर. माझा जीव तेव्हाच भांड्यात पडला. पुढे झाले ते केवळ दार उघडण्याचे काम.

मग त्याने सर्व्हरची चुकांची नोंदवही पाहिली. यंत्र कोसळताना कोणत्या फायलीत, कितव्या ओळीवर कोसळले, ते तेथे लिहून ठेवते. दोषी सापडला. कोण होता? 'आजवर इतक्या वाचकांनी भेट दिली' असा आकडा दाखवणारे एक मॉड्यूल! प्रत्येक पानाच्या आरंभी ते मोजणी करी. पाहुणे मोजणाऱ्यानेच पाहुण्यांना दार बंद केले होते.

मोजणाऱ्याचाही फारसा अपराध नव्हता. ही स्थळे पीएचपी नावाच्या संगणकभाषेत लिहिलेली असतात. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या भाषेची आठवी आवृत्ती आली, आणि तीत काही जुने शब्द कायमचे वगळण्यात आले. 'ईच' हा त्यांतलाच एक. तो वगळला जाणार अशी सूचना तीन वर्षे आधीच दिली गेली होती. ज्या सर्व्हरवर हे स्थळ होते, तेथे नवी आवृत्ती बसवली गेली आणि आमच्या मोजणाऱ्याला तो जुना शब्द उच्चारताच वाचा बसली. मोडी दफ्तरांपाशी उभ्या राहिलेल्या आजच्या पदवीधराची जी गत, ती नव्या यंत्राची ह्या जुन्या शब्दापाशी झाली.

ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीत हजेरीपटाचे नाव 'सिस्टिम' आणि हजेरीच्या रकान्याचे नाव 'स्टेटस'. डेटाबेसशी बोलायची भाषा एसक्यूएल. १९७४ साली आयबीएममधल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस ह्या दोघांनी ती मांडली, आणि साध्या माणसालाही वाक्यासारखी वाचता यावी असा त्यांचा हेतू होता. त्याने लिहिलेली आज्ञा मराठीत सांगायची तर अशी: 'सिस्टिम ह्या तक्त्यात स्टेटस शून्य कर, जेथे नाव अमुक आहे तेथे.'

व्याकरण शिकवणारीच्या नजरेला ह्या वाक्यातले शेवटचे उपवाक्य पटकन भरले. मी विचारले, "हे 'जेथे नाव अमुक आहे' एवढं लिहायचं राहिलं तर?"

तो हसला. "मग सगळ्यांच्या नावापुढं शून्य, मॅडम. मूळ व्यवस्थेचे भागसुद्धा बंद. यंत्र 'खरंच का?' म्हणून विचारत नाही."

एका उपवाक्याची ही किंमत! निबंधात विशेषणवाक्य गळले तर आम्ही अर्धा गुण कापतो. म्हणूनच जाणती माणसे आधी तेच उपवाक्य घालून केवळ 'दाखव' अशी आज्ञा देतात. एकच ओळ दिसली, तीही हवी तीच, तर मग 'बदल' म्हणतात. त्यानेही तसेच केले. एक ओळ दिसली. तेथल्या १ च्या जागी ० झाले.

आम्ही उत्सुकतेने पान उघडले. पांढरे!

आतून आमच्या सासूबाई आल्या. त्या कन्नडकडच्या, संग्रहातल्या काही ओव्या त्यांच्याच तोंडच्या. त्या म्हणाल्या, "एवढंसं शून्य मांडायला केव्हाचा बसलायस रे? चहा निवून चालला."

"आजी, शून्य मांडलं, पण यंत्राला अजून जुनीच आठवण आहे," तो म्हणाला.

आणि ते खरेच होते. दर वेळी हजेरीपट उघडायला नको म्हणून व्यवस्था त्याची एक नक्कल जवळ ठेवते. हिला कॅश म्हणतात. मूळ वहीत दुरुस्ती झाली तरी जवळच्या चिठ्ठीवर जुनेच नाव राहते. ड्रुपल सातमध्ये ही चिठ्ठी 'कॅश_बूटस्ट्रॅप' नावाच्या तक्त्यात असते. त्याने तेवढा तक्ता रिकामा केला. असे तक्ते रिकामे केल्याने काही बिघडत नाही. व्यवस्था ते पुन्हा भरून घेते. मात्र शेजारच्या तक्त्यावर हात पडता कामा नये.

ह्या वेळी पान उघडले. सासूबाईंनी चष्मा लावला, आपली ओवी शोधली आणि पडद्यावर न पाहताच ती पुरी म्हटली.

काम एवढ्यावर संपले नव्हते. हजेरीपटात शून्य मांडणे हा आणीबाणीचा उपाय आहे. मॉड्यूल रजेवर जाते, पण त्याच्या फायली आणि त्याचे तक्ते घरातच राहतात. शिवाय त्याच्यावर विसंबून असलेली दुसरी मॉड्यूले असतील तर त्यांनाही थांबवावे लागते. म्हणून दार उघडल्यावर त्याने चालकाच्या पानावर जाऊन ते रीतसर काढून टाकले आणि काय केले, केव्हा केले, हे एका फायलीत टिपून ठेवले. ड्रुपल सातची अधिकृत देखभाल ५ जानेवारी २०२५ रोजी संपली. त्याआधीच तो संग्रह नव्या आवृत्तीत नेण्यात आला.

नव्या आवृत्त्यांत ही युक्ती इतकी सोपी राहिलेली नाही, हेही सांगायला हवे. ड्रुपलच्या आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, सगळ्या मॉड्यूलांची यादी एकाच नोंदीत गुंडाळून ठेवलेली असते. वर्डप्रेसमध्येही चालू प्लगइनांची यादी अशीच एका नोंदीत असते. ह्या गुंडाळलेल्या नोंदीत प्रत्येक शब्दाआधी त्याची लांबी लिहितात, आणि ती लांबी आपल्या अक्षरगणनेने मोजत नाहीत. 'मराठी' हा शब्द घ्या. आम्ही वर्गात सांगतो, अक्षरे तीन. संगणक काना आणि वेलांटी वेगळे धरतो, म्हणजे झाली पाच चिन्हे. आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवायला त्याला तीन बाइट लागतात. म्हणून तो लिहितो, लांबी पंधरा! तेथे कोणी सरळपणाने तीन लिहिले, तर सबंध नोंद यंत्राला वाचता येत नाही. हाताने खोडाखोड करण्याऐवजी अशा ठिकाणी त्या कामासाठी असलेली हत्यारे वापरावीत. ड्रुपलसाठी 'ड्रश' नावाचे हत्यार आहे. वर्डप्रेसमध्ये बिघडलेल्या प्लगइनच्या फोल्डरचे नाव बदलले तरी ते बंद पडते. मे २०१९ नंतरच्या वर्डप्रेसमध्ये असा बिघाड झाल्यास चालकाला ई-मेलने मागच्या दाराची एक वेगळी वाटही पाठवली जाते. कपाट बनवणाऱ्यांनाही शेवटी किल्लीची अडचण कळली म्हणायची.

ही अडचण लहान संस्थांपुरती नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक ह्या अमेरिकन कंपनीकडून सुरक्षेची एक सदोष फाइल जगभर पाठवली गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक एकदम कोसळले. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कंपनीने दुरुस्ती थोड्याच वेळात तयार केली. पण यंत्र सुरू होतानाच कोसळत असल्याने ती आत पोचवायची कशी? अखेर पुष्कळ ठिकाणी माणसे एकेका यंत्रापाशी गेली, ते आडवाटेने सुरू केले आणि ती एक फाइल पुसून टाकली. मोठमोठ्या विमान कंपन्यांनाही शेवटी आजीचीच युक्ती करावी लागली.

वाचकांपैकी कोणाच्या शिकवणीवर्गाचे, कोणाच्या लोणची-मसाल्यांच्या घरगुती उद्योगाचे, कोणाच्या सोसायटीचे स्थळ असेलच. डेटाबेसमध्ये स्वतः हात घालावा असे मी कोणालाही सुचवणार नाही. पण तीन गोष्टी प्रत्येकाने आपल्या हाती ठेवाव्यात. स्थळाचे आणि डेटाबेसचे पासवर्ड बांधून देणाऱ्याकडेच न ठेवता आपल्याजवळही लिहून ठेवावेत. नक्कल ठरलेल्या दिवशी घ्यावी आणि ती खरोखर उघडते की नाही ते पाहावे. आणि 'सगळे नव्याने करावे लागेल' असे कोणी म्हणाले, तर 'आत काय शिल्लक आहे ते आधी दाखवा' एवढे वाक्य न भिता उच्चारावे. पुष्कळदा आत सर्व काही शिल्लक असते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पेढीवर वहीची पूजा करतात. वहीवर कुंकू वाहणाऱ्या आपल्या वाडवडिलांना हे पक्के ठाऊक होते की, दुकानाची पाटी पडली तर दुसरी रंगवता येते, वही गेली तर दुकान गेले. आमच्या ओव्यांची वही आता लोखंडाच्या पेटीत, कुठल्या तरी दूरच्या शहरात आहे. तिच्यावर कुंकू वाहता येणार नाही. ह्या लक्ष्मीपूजनाला तिची एक ताजी नक्कल मात्र जरूर घेता येईल.